पांडवलेण्यांतली कायम ठेव

नाशिकच्या माणसाला पांडवलेणी बघायला जावं लागत नाही, ती दिसतच असतात. मुंबईहून घरी येताना उजव्या हाताला तो डोंगर आणि त्याच्या पोटावरची आडवी काळी रेघ दिसली की बॅगा खाली काढायच्या, पाथर्डी फाटा आला. अंबडच्या कंपन्यांत पाळीला जाणारे लोक तो डोंगर रोज बघतात. पायथ्याच्या फाळके स्मारकात आमची मुलं शाळेच्या सहलीतून जाऊन आली. मी सिडकोत वाढले, लग्न होऊन इंदिरानगरला आले, म्हणजे डोंगराच्या आणखी जवळ. तरी वर कधी गेले नव्हते. घरातलं कुणीच गेलेलं नव्हतं. पाहुणे आले की रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, मग त्र्यंबक नाहीतर वणी, हा ठरलेला फेरा. लेण्यांची पाळी यायच्या आत पाहुण्यांची गाडी निघायची.

या भाद्रपदात गेले. माझ्या बहिणीची मुलगी पुण्यात पुरातत्त्व शिकते, तिला ब्राह्मी वाचता येते. सुटीला आली होती. जेवताना म्हणाली, "मावशी, तू पतसंस्थेत ठेवींचं काम बघतेस ना? मग तुला एक ठेव दाखवायची आहे. रविवारी चल माझ्याबरोबर." कुठली ठेव, कुणाची, हे काही तिने सांगितलं नाही.

सकाळी लवकर निघालो. पायथ्याशी एका बाजूला फाळके स्मारक, दुसरीकडे बुद्धविहाराचा मोठा घुमट. पायऱ्या दोनशेच्या आसपास असतील. चढ दमवणारा आहे, पण पायऱ्या नीट बांधलेल्या आहेत आणि झाडांची सावली आहे. व्यायामाला येणारी मंडळी गप्पा मारत चढत होती, भरतीची तयारी करणारी पोरं आमच्या बाजूने दोनदोन पायऱ्या घेत पळत वर जात होती. यांतली बरीच जणं वर पोचतात, घाम पुसतात आणि लेण्यांकडे पाठ करून उतरतात. त्यांचं येणं व्यायामासाठी असतं, त्यात वावगं काही नाही. पण पाठीमागे काय आहे हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं, असं मला आता फार वाटतं.

वर पोचल्यावर डोंगराच्या कडेने एक वाट जाते आणि वाटेला लागून एका ओळीत चोवीस लेणी. सगळी उत्तरेकडे तोंड करून. त्यामुळे थेट ऊन आत फारसं येत नाही, पावसाळ्यात दगड ओला असतो आणि टाक्यांत पाणी भरलेलं असतं. नावात पांडव असले तरी ही वस्ती बौद्ध भिक्खूंची. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातले तीन महिने त्यांनी एका जागी राहायचं, म्हणून राजांनी, अधिकाऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी डोंगर खोदून त्यांना घरं करून दिली. शिलालेखांत या डोंगराचं नाव तिरण्हु असं येतं, म्हणजे त्रिरश्मी.

तिसऱ्या लेण्यासमोर गर्दी होती. मी तिकडे वळले तर भाचीने हात धरून पुढे नेलं. "ते नंतर. आधी दहावं."

दहाव्या लेण्याचे खांब बाहेरून बघत मी जरा थांबले. घंटेच्या आकाराचे माथे, त्यावर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी आणि त्यांच्यावर स्वार. आत मोठा चौकोनी दिवाणखाना, तीन बाजूंनी भिक्खूंच्या लहान लहान खोल्या, प्रत्येक खोलीत झोपायला दगडातच ठेवलेला कट्टा. पण मला आणलं होतं ते व्हरांड्यासाठी. खोलीच्या दाराच्या वर भिंतीवर अक्षरांच्या ओळी होत्या. समोरून बघितल्यावर नुसते ओरखडे वाटत होते. भाचीने मोबाईलचा दिवा भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरला, आणि अक्षरं सावलीसकट उठून उभी राहिली. अधिकच्या चिन्हासारखा क. गोल वाटोळा ठ. एकोणीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नीने काढलेला प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी.

"हा उषवदात," ती म्हणाली. "क्षहरात क्षत्रप नहपान राजाचा जावई. हे लेणं त्याने करून दिलं, वर्ष बेचाळीस. आता पुढे ऐक, तुझ्या कामाचं आहे."

तिने ओळीवरून बोट न लावता हात फिरवत वाचलं आणि मराठीत सांगत गेली. उषवदाताने लेण्याबरोबर तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, कायमची ठेव म्हणून दिले. लेखातला शब्द अखयनिवी. ही रक्कम गोवर्धनातल्या श्रेण्यांकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे ठेवली. दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे, शेकडा एक दराने. एक हजार विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण दराने. दर महिन्याचा. हे कार्षापण परत द्यायचे नाहीत, फक्त त्यांचं व्याज भोगायचं. दोन हजारांच्या व्याजातून, या लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी. हजाराच्या व्याजातून त्यांचा किरकोळ खर्च.

माझं डोकं आपोआप चालू झालं. दोन हजारांवर महिना शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खू, प्रत्येकी बारा. दोनशे चाळीस. वर एक नाही, खाली एक नाही. मी पुन्हा एकदा बोटांवर मोजलं. आमच्याकडे ठेवीदार व्याजातून देणगी द्यायची म्हणून येतात, तेव्हा असाच हिशेब उलटा करायचा असतो: वर्षाला किती लागणार ते आधी ठरवा, मग दर बघा, मग मुद्दल किती ठेवायची ते काढा. या माणसाने किंवा त्याच्या कारभाऱ्याने तेच केलं होतं. आधी भिक्खू मोजले, मग कापडाची किंमत धरली आणि त्यावरून दोन हजार काढले. हे दान भावनेच्या भरात दिलेलं नाही, बसून आखलेलं आहे.

मग तिने मला तो आकडा दाखवला. ओळीत आधी अक्षरांत 'कहापण सहस्राणि त्रीणि' आणि त्याच्या शेजारी आकड्यात तीन हजार. तेव्हा शून्य लिहायची पद्धत नव्हती, हजाराला स्वतंत्र चिन्ह होतं आणि त्यालाच जादा खूण जोडून तीन हजार केलेले. रक्कम अक्षरी आणि अंकी. आजही ठेवपावतीवर मी दोन्ही लिहून घेते, कारण नुसत्या आकड्यात कुणी एखादी खूण वाढवली तर काय करायचं. दगडावरच्या आकड्यात कोण खाडाखोड करणार, असं वाटेल. पण पद्धत ती पद्धत. मी त्या आकड्यासमोर बराच वेळ उभी होते.

दोन वेगळ्या श्रेणींकडे, दोन वेगळ्या दरांनी पैसे का ठेवले असतील, यावर आमची तिथेच चर्चा झाली. भाचीच्या म्हणण्याप्रमाणे अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत. मला स्वतःला त्यात नवल वाटलं नाही. मोठी रक्कम असली की शहाणा माणूस ती एका ठिकाणी ठेवत नाही. जास्त व्याज देणारी संस्था आणि कमी व्याज देणारी पण भक्कम संस्था, अशी वाटणी करतो. वर्षाला बारा टक्के आणि नऊ टक्के, हे दर आज ऐकूनही ओळखीचे वाटतात. शिवाय त्या काळी एकट्या गोवर्धनात विणकरांच्याच दोन श्रेण्या होत्या आणि लोक त्यांच्याकडे पिढ्यान्पिढ्यांसाठी पैसे ठेवत होते, म्हणजे तो धंदा किती मोठा आणि किती विश्वासाचा असेल. येवला आणि मालेगाव आजही आपल्याच जिल्ह्यात आहेत.

गोवर्धन म्हणजे गंगापूर रोडचं गोवर्धन. मी कर्जाच्या पाहणीला तिकडे कितीदा तरी गेलेय. द्राक्षबागा, मंगल कार्यालयं, नव्या सोसायट्या. शिलालेखांत ते नुसतं गाव नाही, अख्ख्या विभागाचं ठाणं आहे आणि सगळा डोंगर त्याच्या हद्दीत मोडतो.

लेखाच्या शेवटाकडे आणखी एक ओळ आहे, तीही माझ्या मनातून जात नाही. हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं. म्हणजे नगराच्या सभेपुढे जाहीर वाचन आणि दफ्तरात नोंद. दाता गेला, राजा बदलला, श्रेणीतली माणसं बदलली, तरी पुढे कुणी म्हणू नये की असे पैसे आमच्याकडे नव्हतेच. ठेवीच्या कामात हीच तर खरी भीती असते. ठेवीदाराचा मुलगा जुनी पावती घेऊन येतो आणि समोरचा म्हणतो, नोंद सापडत नाही. असे बुडालेले लोक मी काउंटरच्या पलीकडे रडताना बघितलेत. उषवदाताने नोंद सभेत ठेवली, फलकावर ठेवली आणि वर डोंगरात कोरून ठेवली. तिन्हींतली एक टिकली, आणि ती मी वाचून घेतली.

त्याच लेण्यातल्या मोठ्या लेखात त्याच्या बाकीच्या दानांची यादी आहे. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथे धर्मशाळा. दमणा, तापी, डहाणुका अशा नद्यांवर लोकांना फुकट पार करणाऱ्या नावा. डहाणूची खाडी डोळ्यांपुढे आली. नारळाची झाडंही हजारांनी दिलेली. आणि ठेवीच्या लेखात पुढे तर विनिमयाचा दरच दिला आहे: सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण नाणी, एका सुवर्णाला पस्तीस धरून. हिशेब इथेही चोख बसतो. मोठ्या लेखात असंही आहे की भिक्खूंच्या जेवणासाठी त्याने अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापणांना शेत विकत घेतलं. त्या लेखात हेही आहे की शेत अश्विभूतीच्या वडिलांचं होतं आणि नगराच्या वायव्य सीमेवर होतं. विकणाऱ्याचं नाव, हक्क कसा आला, चतुःसीमेची दिशा, किंमत. खरेदीखतात आणखी काय असतं? बाजूच्या एका खोलीचं दान त्याच्या बायकोच्या, दक्षमित्रेच्या नावावर आहे. राजाची मुलगी, पण खोली स्वतःच्या नावाने दिली आणि तसं कोरून घेतलं.

मग आम्ही तिसऱ्या लेण्याकडे परत आलो. आता गर्दी ओसरली होती. पुढच्या कट्ट्याखाली सहा यक्ष आहेत. जाडजूड अंगाचे, छातीपर्यंत जमिनीतून वर आलेले, अख्खं लेणं खांद्यावर तोलून धरलेले. त्यांच्या खांद्यांवरचे दगडी वासे आणि फुगलेले दंड बघून वजन खरंच जाणवतं. दाराभोवतीचं कोरीवकामही बारीक आहे. पण माझं लक्ष पुन्हा अक्षरांकडेच गेलं.

मधल्या काळात राज्य बदललेलं असतं. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केलेला असतो. याचा दुसरा पुरावा सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला सापडला, १९०६ साली. नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटवलेला. नोटाबंदीचे दिवस मी काउंटरवर काढलेत, म्हणून यावर मी भाचीला खूप प्रश्न विचारले. जुनं चलन रद्द करून लोकांना रांगेत उभं करण्यापेक्षा त्याच चांदीवर नवा छाप मारणं मला जास्त समंजसपणाचं वाटलं.

तिसऱ्या लेण्यातला गौतमीपुत्राचा हुकूम अठराव्या वर्षातला आहे. गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला तो कळवतो की उषवदाताच्या भोगवट्यात असलेलं अमुक गावातलं दोनशे निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत आम्ही या भिक्खूंना देत आहोत. पुढे सवलती: त्या शेतात सरकारी माणसाने शिरायचं नाही, त्रास द्यायचा नाही, मिठासाठी खोदायचं नाही. इथपर्यंत कुठलाही राजा करतो. मला भावला तो त्याखालचा दुसरा हुकूम, सहा वर्षांनंतरचा, चोविसाव्या वर्षाचा. तो राजाच्या नावाने आहे आणि राजमातेच्याही. आता अमात्य वेगळा आहे, श्यामक. त्याला कळवलंय की आम्ही या भिक्खूंना कखडी गावात शेत दिलं होतं. ते शेत कसलं जात नाही, ते गाव वसत नाही. म्हणून नगराच्या सीमेवरच्या आमच्या सरकारी शेतातून शंभर निवर्तनं त्यांना द्यावीत.

म्हणजे भिक्खूंनी जाऊन सांगितलं असणार, दिलेली जमीन ओसाड आहे, हाती काही येत नाही. आणि दरबाराने ते ऐकून घेतलं, तपासलं, बदली जमीन दिली आणि जुना आदेश चुकीच्या जागेचा ठरल्याचं दगडात लिहून ठेवलं. दिलेलं दान उपयोगी पडतंय का, हे सहा वर्षांनी बघितलं गेलं. सातबारा दुरुस्तीसाठी तलाठ्याकडे खेपा घातलेल्या कुणालाही यातलं मोठेपण सांगावं लागणार नाही.

याच व्हरांड्यात राजमाता गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. नातू पुळुमावी याच्या एकोणिसाव्या वर्षातला. हे लेणं तिने दिलं. लेखात तिने मुलाचं वर्णन केलंय: ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, ज्याने शक, यवन, पह्लवांचा नाश केला, क्षहरात कुळ निःशेष केलं. शाळेच्या पुस्तकात आपण हे वाचतो. पण पुस्तकातून हे कळत नाही की ज्या क्षहरातांना त्याने निःशेष केलं, त्यांच्या जावयाचं लेणं थोड्याच पावलांवर आहे, त्याचा लेख कुणी खरवडलेला नाही आणि भिक्खू दोन्हीकडे राहत होते. मला हे फार मोलाचं वाटतं.

अठरावं लेणं हे इथलं एकच चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं. आत स्तूप आणि दोन्ही बाजूंनी उंच खांब. दर्शनी भागावर लाकूडकामासारखी नक्षी. भाचीने दारावरची एक लहानशी ओळ वाचली: 'नासिककनं धंभिकगामस दानं.' नाशिककरांच्या धंभिक गावाचं दान. शेजारच्या एकोणिसाव्या लेण्यात, जे इथलं सगळ्यांत जुनं समजतात, सातवाहन राजा कण्ह याच्या काळात नाशिकच्या एका महामात्राने, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याने ते करवल्याचं लिहिलं आहे. ते लहान, साधं, स्वच्छ कोपऱ्यांचं लेणं आहे. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी आपल्या गावाचं नाव नाशिक असंच होतं आणि गावाने मिळून दारासाठी वर्गणी काढली होती, हे खाली उतरल्यावर मी घरातल्या प्रत्येकाला सांगितलं. धाकट्याने तर ते मला पुन्हा म्हणायला लावून पाठ केलं.

विसाव्या लेण्यात आत खोलवर बुद्धांची भव्य मूर्ती आहे, बसलेली, आणि तिथे लोक फुलं वाहून शांतपणे बसलेले असतात. तिथल्या लेखाचा मजकूर असा की बोपकी नावाच्या यतीने हे लेणं सुरू केलं, ते बरीच वर्षं अर्धवट राहिलं, मग महासेनापती भवगोपाची बायको वासू हिने यज्ञ सातकर्णीच्या सातव्या वर्षी पुरं केलं. बोपकीचं नाव तिने गाळलं नाही. पुढची लेणी आम्ही भराभर बघितली. काही अपुरी आहेत, काहींची पडझड झालीय.

कुणी जाणार असाल तर माझं सांगणं एवढंच: व्यायामाचे पाय असले तरी लेण्यांसाठी दोन तास वेगळे काढा. पावसाळ्यानंतरचे महिने चांगले, पायऱ्यांवर शेवाळ नसतं. पाणी बरोबर घ्या. मोबाईलचा दिवा समोरून मारू नका, भिंतीलगत बाजूने धरा, आणि अक्षरांना हात लावू नका, बोटांच्या घामाने दगड खराब होतो. महामहोपाध्याय मिराशींनी या लेखांचा मराठीत अर्थ दिलेला आहे, सार्वजनिक वाचनालयात मिळतो. त्याची छायाप्रत काढून न्या, नाहीतर भिंतीवर नुसते ओरखडे दिसतात. आणि सुरुवात दहाव्यापासून करा, मग तिसरं. उषवदात आधी कळला तर गौतमीपुत्राचे हुकूम आपोआप उलगडतात.

दुसऱ्या दिवशी कामावर मी पांढऱ्या कागदावर तो हिशेब मांडून ठेवी विभागाच्या फळीवर लावला: मुद्दल, दर, व्याज, लाभार्थी, नोंद कुठे. आमचे व्यवस्थापक थांबले, चष्मा वर करून वाचलं आणि विचारलं, "ही ठेव कुठल्या शाखेची?" दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही सगळा विभाग वर जाणार आहोत. भाची येते म्हणालीय.